जावईबापूंचा हॉर्न

शिवकन्येचं वरण त्या आठवड्यात दुसऱ्यांदा करपलं आणि याही वेळी दोष कुकरचा नव्हता. आतल्या खोलीत नवऱ्याचा हॉर्न सुरू असला की शिट्ट्या ऐकूच येत नसत. तिनं गॅस बंद केला, हातातल्या पळीसकट खोलीचं दार ढकललं आणि विचारलं, "अहो, किती शिट्ट्या झाल्या?"

सुदर्शननं हॉर्न तोंडापासून दूर केला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "बरं."

हा माणूस असाच होता आणि त्याला तसा फौजेनं केला होता. उमरीकडच्या खेड्यातून तो भरतीला गेला. तिथं उंची भरली, छाती भरली आणि बँडच्या उस्तादांनी ओठ तपासून त्याच्या हाती फ्रेंच हॉर्न दिला. हे वाद्य म्हणजे एक लांबच लांब पितळी नळी जिलेबीसारखी गुंडाळलेली. एका टोकानं फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाच्या पसरट तोंडात उजवा हात घालून ठेवायचा. परेडच्या धूनमध्ये मोठा भोंगा 'पूम' म्हणतो आणि हॉर्ननं मागून 'पाँ' म्हणायचं. चाल दुसऱ्यांची, टाळ्याही दुसऱ्यांना. सुदर्शननं सगळी नोकरी 'पाँ' म्हणण्यात काढली आणि ती सवय घरात आणली. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं की तेवढ्या फटीत तो नेमका 'बरं' म्हणायचा. लग्नाआधी 'मुलगी पसंत आहे का?' या प्रश्नालाही त्यानं 'बरं' असंच उत्तर दिलं होतं. सासरच्यांनी तो होकार धरला.

फौजेतून सुटल्यावर तो नांदेडला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहू लागला. तिथं त्याला डॉक्टर वीरेश भेटले. डॉक्टर दातांचे, पण वेड सुरांचं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वाद्यवृंद जमवला होता. कॉलेजातली व्हायोलिनवाली पोरं होती, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला मलप्पा होता, हॉर्न तेवढा नव्हता. डॉक्टरांनी स्वतः 'गोदाकाठची संध्याकाळ' नावाची रचना बांधली होती. तिच्यात सूर्य बुडताना सगळी वाद्यं थांबतात आणि हॉर्न एकटाच वाजतो. संथ, लांब, काळजातलं काहीतरी सांगितल्यासारखा. कार्यक्रम दसऱ्याच्या संध्याकाळी होता.

डॉक्टरांनी कुठूनसा हॉर्न मिळवून हा तुकडा त्याला दिला, त्या दिवशी सुदर्शन घरी येऊन आपण होऊन बोलला. "समदे गप बसणार," तो म्हणाला, "आन् मी वाजवणार."

शिवकन्या त्याच्याकडं बघतच राहिली. लग्नापासून त्यानं स्वतःसाठी कधी चहासुद्धा मागितला नव्हता. त्याला हे किती हवं आहे ते तिला तेव्हाच कळलं, म्हणून तर करपलेल्या वरणावर ती पळी दाखवण्यापलीकडं गेली नाही.

पण पहिल्याच तालमीत डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सुदर्शनराव, सूर बरोबर, मात्रा बरोबर. पण ही संध्याकाळ ड्यूटीवर आल्यासारखी वाटून राहिली. भाव कुठाय?"

"बरं."

"बरं नव्हे हो! माणसाला काहीतरी जिवापाड पाहिजे असतं. ते डोळ्यांपुढं आणा आन् वाजवा. न्हाई जमलं तर हा तुकडा मी मलप्पाला देणार. तो वऱ्हाड निघताना अशी क्लॅरिनेट वाजवतो की नवऱ्याकडचे लोकबी रडतात."

मलप्पा लाजून हसला. पुन्हा मरेपर्यंत 'पाँ' म्हणायची सुदर्शनची तयारी नव्हती.

घरी आल्यावर आपल्याला जिवापाड काय हवं आहे, हे तो शोधू लागला. काही सापडेना. पेन्शन वेळेवर येत होती. जेवणात ठेचा होता. शेवटी ठेचाच डोळ्यांपुढं आणून त्यानं वाजवून पाहिलं, तर सूर नुसता भुकेला आला. मग त्यानं सूर आणखी लांबवला, आणखी हळू केला, शेवटी थोडा कापवला. भाव आला की नाही कोण जाणे, पण शेजारच्या धोंडाबाई कंपाउंडपाशी आल्या.

"शिवकन्या," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मालक रडून राहिलेत का गं?"

"रडत न्हाईत हो मावशी. वाजवून राहिलेत."

"गडी माणूस असंच रडतं, माय. कायतरी निमित्त काढून." त्यांनी टाचा उंचावून खिडकीतून आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आन् हात कशात अडकलाय त्यांचा?"

"अडकला न्हाई. घालूनच वाजवायचं असतंय ते."

"हाव का," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांचा अजिबात विश्वास बसला नव्हता. त्यांची सख्खी भाची जळकोटला शिवकन्येच्या माहेरच्या गल्लीतच दिली होती. तिला त्यांनी लगेच फोन केला. जळकोटला बातमी पोचली ती अशी, की तुमचे जावई खोलीत कोंडून घेऊन दोन्ही वेळ हंबरडा फोडतात, आणि एक हात कामातून गेलाय.

दुसऱ्याच दिवशी शिवकन्येचे आईवडील दारात उभे राहिले. लक्ष्मणरावांच्या खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं पोतडं होतं. नागाबाईंच्या एका हातात धपाट्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात एक निळी बॅग होती. बॅग चांगलीच फुगलेली होती. शिवकन्येनं आधी बॅग पाहिली आणि मग आईच्या पाया पडली.

गावात कुणाचं नवराबायकोचं बिनसलं की पहिलं बोलावणं लक्ष्मणरावांना जायचं. चार माणसांत बसवून, दोघांना बोलतं करून मिटवायचं, यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी पाणीसुद्धा न घेता बाजेवर बैठक मारली आणि जावयाला समोर बसवलं.

"जावईबापू, मोकळं बोला. जेवणाखाणाची काई तकलीफ?"

"न्हाई मामा."

"बँकेत कुणी बोललं?"

"न्हाई."

"मग रडू लालाव कामून?"

"रडत न्हाई. तालीम हाय. दसऱ्याला मला एकट्याला वाजवायचंय."

"एकट्याला? आन् बाकीचे?"

"बाकीचे गप बसणार."

लक्ष्मणरावांनी बायकोकडं पाहून मान हलवली. "बघ. समद्यांनी एकटं पाडलंय गड्याला."

"अण्णा, तसं न्हाई हो," शिवकन्या मध्ये पडली. "त्यांचा कार्यक्रम..."

"तू गप. घरची बाई नीट बघती तर मानसावर ही पाळी येती का?" लक्ष्मणराव दम घ्यायला थांबले.

फट दिसली. "बरं," सुदर्शन म्हणाला.

नागाबाईंनी डोळ्याला पदर लावला. शिवकन्येनं नवऱ्याकडं असं पाहिलं की फौजेत असता तर त्यानं खंदक गाठला असता. पण आता इलाज नव्हता. जावयानं सगळ्यांसमोर कबुली दिली होती.

दुःखी माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढं तर कुणालाही कळतं. तेव्हापासून सुदर्शन हॉर्न घेऊन बसला की लक्ष्मणराव त्याच्या शेजारी बसू लागले. सूर खाली उतरू लागला की ते "असंच असतंय, असंच असतंय" म्हणत त्याच्या पाठीवर थोपटायचे. थोपटलं की सूर फाटायचा. सूर फाटला की त्यांना वाटायचं हुंदका आला, आणि ते आणखी जोरात थोपटायचे. नागाबाई ऐन लांब सुराच्या मध्ये चहाची बशी त्याच्या नाकाखाली धरायच्या.

सगळ्यांत वाईट झालं ते पाण्याचं. फुंकून फुंकून हॉर्नमध्ये वाफेचं पाणी साठतं, ते मधूनमधून झटकावं लागतं. नागाबाई झाडायला आल्या आणि बाजेखाली थारोळं पाहून थबकल्या.

"हे पाणी कशाचं, जावईबापू?"

"माझंच हाय, मामी. साचतंय. काढावं लागतंय."

नागाबाईंनी थारोळ्याकडं पाहिलं, जावयाच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि फडकं आणायला गेल्या. त्या दिवशी त्या लेकीशी धड एक शब्द बोलल्या नाहीत.

सुदर्शन रागावणारा माणूस नव्हता. पण आता तो आतून शिजू लागला. त्याला घर रिकामं हवं होतं. पाठ मोकळी हवी होती. बाजेसमोरच्या कोपऱ्यात नागाबाईंची निळी बॅग मांडी घालून बसल्यासारखी बसली होती, वाजवताना त्याची नजर सारखी तिच्यावरच जायची. ही बॅग उचलली जाईल, दारातून बाहेर जाईल, जळकोटच्या एसटीत चढेल, या विचारानं त्याचा ऊर भरून यायचा. तो भरला ऊर त्यानं पुढच्या तालमीत हॉर्नमध्ये ओतला.

डॉक्टरांच्या हातातली छडी हवेतच राहिली. व्हायोलिनवाली पोरं वळून बघू लागली. मलप्पानं तर नाक शिंकरलं.

"सुदर्शनराव," डॉक्टर हळूच म्हणाले, "काय आठवलं हो?"

"हाय एक."

"मग तेच धरून ठेवा. दसऱ्यापर्यंत सोडू नका."

त्याच संध्याकाळी शिवकन्येनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "बेजार झाले मी. माझी माय माझ्याशी बोलंना, धोंडाबाई मला धीर द्यायला येऊन राहिल्यात. उद्याच्या बसनं लावून देते दोघांला."

सुदर्शनच्या तोंडात 'बरं' आलंच होतं. तेवढ्यात त्याला डॉक्टरांचे शब्द आठवले. बॅग गेली की बॅगेची ओढही गेली, आणि मग हा तुकडा मलप्पाचा.

"नको," तो घाईघाईनं म्हणाला. "दसऱ्यापस्तोर राहू दे त्यांला."

शिवकन्येच्या हातातलं लाटणं थांबलं. दाराआड उभ्या असलेल्या नागाबाईंना गहिवरून आलं.

आता सगळं सुरळीत झालं असतं, पण मध्ये खंडेनवमी आली. या दिवशी घरातली हत्यारं पूजेला मांडतात, हे नागाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पहाटेच पाट मांडून त्यावर विळी, कोयता आणि शिवकन्येची शिलाईची कात्री ठेवली. मधोमध तोंड वर करून हॉर्न ठेवला. त्याला हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली आणि तोंडात मूठभर अक्षता टाकल्या. सुदर्शन आंघोळ करून शेवटच्या तालमीला निघाला, तर हॉर्न देव होऊन बसलेला.

"मामी, मला हे न्यायचंय."

"आता? पूजलेलं हत्यार उद्याच्या शिलंगणाबिगर उचलत न्हाईत, जावईबापू. दिवसभर त्यालाबी इसावा पाहिजे. म्हणूनच तर रडू लालंय ते."

सुदर्शननं डॉक्टरांना फोन लावला. "हॉर्न पूजेत हाय," तो म्हणाला.

"पूजेत?" डॉक्टर ओरडले. "उद्या कार्यक्रम हाय अन्..." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "आता तुम्हाला काय बोलू? माझी दात कोरायची मशीनबी सकाळपासून झेंडूखाली हाय. आईनं हात लावू दिला न्हाई. दाढ धरून आलेली माणसं परत धाडली मी. तुम्ही असं करा, तोंडानं म्हणून तयारी ठेवा."

म्हणून सुदर्शन पाटासमोर बसला, उजवा हात हवेतच, नसलेल्या हॉर्नमध्ये घातला आणि डोळे मिटून तोंडानं लांब 'पाँऽऽ' काढू लागला. नागाबाईंनी ते पाहिलं आणि देवापुढं आणखी एक दिवा लावला.

दसऱ्याच्या दिवशी खरी पंचाईत उभी राहिली. शिलंगण होणार दिवस मावळताना आणि कार्यक्रमही तेव्हाच. दुपारी शिवकन्येचा संयम सुटला.

"माय, कार्यक्रम झाल्यावर हॉर्न उचलून काय त्याचं लोणचं घालायचं का? इतक्या वर्षांत या मानसानं एवढं एकच मागितलंय. ते रडत न्हाईत, दुःखी न्हाईत, त्यांला फक्त वाजवायचंय!"

तिचे डोळे भरून आले होते. लक्ष्मणरावांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. एवढी वर्षं लोकांची भांडणं मिटवलेला माणूस तो, देवाशी तडजोड काढायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"शीव वलांडली की शिलंगण झालं," त्यांनी निकाल दिला. "दिवस असताना वलांडू. आन् तवर हॉर्न उचलायचा न्हाई ना? मग पाट उचलू."

पाट उचलला. ऑटोत मागच्या सीटवर तिघं बसले, त्यांच्या मांड्यांवर आडवा पाट, पाटावर माळ घातलेला हॉर्न. लक्ष्मणराव ड्रायव्हरशेजारी बसून "हळू, पूजेचं हाय" असं बजावत होते. रस्ते दसऱ्याच्या गर्दीनं तुंबले होते. लोक ऑटोत वाकून पाहत आणि हॉर्नला नमस्कार करत. शहराची हद्द संपल्याची पाटी मागं टाकून ऑटो एका बांधाशी थांबला. लक्ष्मणरावांनी खिशातून आपट्याची पानं काढली, सगळ्यांना सोनं दिलं, आणि उरलेली अख्खी जुडी हॉर्नच्या तोंडात सारली.

"सोनं घ्या, सोन्यावाणी वाजा," ते हॉर्नला म्हणाले. "जावईबापू, उचला आता."

सभागृहात पोचेपर्यंत वादक जागेवर बसले होते. डॉक्टरांनी हळदकुंकवाचा हॉर्न पाहिला, पण दसऱ्याला काय बोलणार? छडी उचलली आणि संध्याकाळ सुरू झाली. व्हायोलिनं गोदेचं पाणी हलवत होती तेव्हा सुदर्शननं सवयीनं उजवा हात हॉर्नच्या तोंडात घातला, तर हात पानांत गेला. त्यानं एक पान काढलं. मग दुसरं. ठेवायला जागा नव्हती, म्हणून शेजारी बसलेल्या मलप्पाच्या हातात दिलं. मलप्पानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवून सोनं कपाळाला लावलं आणि वाकून नमस्कार केला. त्या नादात त्याच्या दोन ओळी हुकल्या. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले. सुदर्शननं राहिलेली पानं घाईघाईनं स्वतःच्या खिशात कोंबली, हॉर्न उलटा करून अक्षता बुटावर सांडल्या, आणि तेवढ्यात सूर्य बुडायची वेळ झाली.

सगळी वाद्यं थांबली.

एवढं मोठं सभागृह आणि त्यात फक्त त्याचा श्वास. आता कुणी 'पूम' म्हणणार नव्हतं. त्यानं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत सासू-सासरे बसले होते, नागाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. आणि त्याला आठवलं, आज सकाळीच निळी बॅग भरून झाली होती. चेन लागली होती. उद्या पहाटेची जळकोटची बस.

तो वाजवू लागला. पहिल्या सुरात बॅग उचलली गेली. दुसऱ्यात ती उंबरठ्यावरून बाहेर पडली. सूर चढत गेला तसा बसस्टँड आला, धूळ आली, लाल एसटी आली. लक्ष्मणराव खिडकीत बसले आणि पाठीवरचा तो हात एकदाचा निघून गेला. बस वळली. मग सूर हळूहळू बारीक करत त्यानं बस लहान लहान होऊ दिली, पार दिसेनाशी होईपर्यंत. शेवटचा सूर कुठं संपला आणि शांतता कुठं सुरू झाली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. शिवकन्येच्या अंगावर काटा आला. एवढं बोलणारा माणूस आपल्या घरात इतकी वर्षं राहत होता, हे तिला माहीतच नव्हतं.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मलप्पा उघडउघड डोळे पुसत होता.

कार्यक्रम संपल्यावर सगळे मंचावर आले. डॉक्टरांनी सुदर्शनला मिठीच मारली. "आता तरी सांगा सुदर्शनराव, वाजवताना काय आठवत होतात?"

शिवकन्या नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, कारण कोण आठवतं एवढं, हा प्रश्न तिलाही पडला होताच. सुदर्शननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि आज बोलायचं धाडस आलं होतं.

"मामा-मामी जळकोटला जातील," तो म्हणाला, "तेवढंच डोळ्यांपुढं यायचं."

नागाबाईंचा बांध फुटला. त्यांनी जावयाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आगं माय! आम्ही जाऊ लालाव म्हणून एवढं रडत होतं का लेकरू! आन् आम्ही खामखा पोरीला बोल लावला!"

लक्ष्मणरावांनीही खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले. मग त्यांनी तो हात उचलला आणि जावयाच्या पाठीवर जोरात थोपटलं.

"बॅग सोड गं घरी गेल्यावर," ते बायकोला म्हणाले. "आता दिवाळी करूनच जाऊ."

शिवकन्येनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे ते हललेच.

सगळे क्षणभर थांबले. तेवढी फट सुदर्शनला पुरेशी होती.

"बरं," तो म्हणाला.